वहिनीच्या लग्नात मी केलेलं भाषण

चहा गार झाला तरी चालेल, पण हे आधी ऐका. भर मंडपात, माइक हातात घेऊन, सगळ्या पाहुण्यांसमोर माझ्याएवढा गाढवपणा तुमच्यापैकी कुणी केला असेल तर त्यानं हात वर करावा. त्याचा चहा माझ्याकडून! केलाय कुणी? नाही ना? मग सांगतो.

आधी घरातली माणसं सांगतो. फार नाहीत. आई, वहिनी आणि मी. दादा होता, तो या किश्श्याच्या आदल्या उन्हाळ्यात गेला. वाळूजला कंपनीत होता. रात्रपाळी संपवून सकाळी मोटरसायकलवर घरी निघाला आणि घरी आला नाही. एवढंच. याच्यापुढं मला बोलता येत नाही, आणि किस्सा हसायचा आहे.

मी आठवीतून शाळा सोडली. चिकलठाण्याकडं नव्या नव्या बिल्डिंगा उठल्यात ना, तिथं पाण्याचा टँकर पोचवतो. टँकर शेठचा, मी ड्रायव्हर. त्या साली पावसानं अशी दांडी मारली होती की एकेका बिल्डिंगीच्या नावात सरोवर आणि नळात हवा! मी गेटवर हॉर्न वाजवला की वरच्या मजल्यावरनं बाया अशा बघायच्या, जणू जावई आला.

आता वहिनी. दादा आणि ती, दोघं सरकारी परीक्षेचा अभ्यास करायचे. दादा कंपनीतून आला की दोघं पुस्तक उघडून बसायचे आणि मी जेवण उघडून बसायचो. दादा गेल्यावर काही महिने पुस्तकं बंद होती. मग एक दिवस वहिनीनं डोळे पुसले आणि तलाठ्याच्या परीक्षेचा फॉर्म भरला. आता दादाच्या जागी प्रश्न विचारायला कोण? मी!

एका प्रकारच्या प्रश्नात तर मी रोज मार खायचो. त्यात एक विधान देतात, खाली दोन निष्कर्ष देतात, आणि कुठला निष्कर्ष त्या विधानातून खरंच निघतो ते सांगायचं असतं. एकदा मी वाचून दाखवलं, ‘विधान: पाऊस कमी झाल्यामुळे शहरात टँकरची मागणी वाढली आहे. निष्कर्ष एक: टँकरवाले श्रीमंत झाले आहेत. निष्कर्ष दोन: शहरात पाण्याची टंचाई आहे.’

माझं डोकंच फिरलं. “कुणी लिहिलंय हे? एक नंबर साफ खोटा! माझे टायर बघितलेत का त्यानं?”

“भाऊजी, एक नंबर निघत नाय हे बरोबर. पण तुमच्या टायरमुळं नाय. विधानात टायर आहे का?”

“विधानात नसंल, रस्त्यावर आहे ना!”

“दिलंय तेवढंच धरायचं. मनचं घालायचं नाय.”

“मनचं नाय वहिनी, खरं आहे ते!”

“खरं असलं तरी नाय घालायचं,” ती म्हणायची आणि कपाळाला हात लावायची. दादा असता तर हसून लोळला असता.

पण रोज वाचून वाचून मला वाटायला लागलं, की आपल्याला हे जमलं. आणि अर्धवट जमलेल्या माणसाइतका धोकादायक माणूस दुसरा नाही, हे पुढं तुम्हाला कळेलच.

झालं काय, एका संध्याकाळी क्लासवरून येताना वहिनी म्हणाली, गुलमंडीत थांबा, साडी घ्यायची आहे. मी बाहेर गाडीवर बसलो. ती आली. पिशवीतनं डोकावत होती पांढरीशुभ्र साडी. निळा काठ. भारीतली!

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय? तर आम्ही बौद्ध. तुमच्यात पांढरी साडी बघून माणसं हळहळतात. आमच्यात पांढरी साडी बघून बँडवाला विचारतो, तारीख कधीची? आमची नवरी पांढऱ्यातच उभी राहते. दादाच्या लग्नात हीच वहिनी पांढऱ्या साडीत उभी होती, आणि मी तिच्यामागं उभा राहून दादाला डोळे मारत होतो.

माझ्या पोटात खड्डा पडला.

बरं, विहारात वंदनेला, पौर्णिमेला, जयंतीला बाया पांढरंच नेसतात, हे मला माहीत नव्हतं का? होतं की! पण एकदा पोटात खड्डा पडला की माणसाला जे माहीत असतं ते सगळं आधी त्यात पडतं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांत मी बाहेरून आलो तर वहिनी मोरीजवळ उभी राहून हळू आवाजात फोनवर माहेरी बोलत होती. “व्हय आण्णा, रविवारच पक्का धरा. पण भाऊजींना आत्ताच नका सांगू. लई दंगा करतील.”

मी उंबऱ्यातच थांबलो. दंगा? मी? चप्पल तिथंच आपटून परत बाहेर गेलो.

शुक्रवारी ती माहेरी निघाली. माहेर गंगापूरच्या अलीकडं एका खेड्यात. मी तिला नगर नाक्यावर काळीपिवळी जीपपर्यंत सोडायला गेलो. बॅग उचलली आणि माझा खांदाच उतरला! दगड भरलेत की काय?

“वहिनी, दोन दिवसाला एवढं?”

“असू द्या हो. लागतं.”

जीप गेली. दोन दिवसांच्या माहेरपणाला कुणी सगळा संसार बांधून नेतं का, तुम्हीच सांगा!

घरी आलो तर आई म्हणाली, “अरे, रविवारी वहिनीच्या गावी कार्यक्रम—”

“मला कुठल्याच कार्यक्रमाचं सांगू नको!” मी ओरडलो. दादा गेल्यापासून माझं हे असंच होतं. कुणाच्या बारशाचं नाव काढलं तरी मी ताटावरून उठायचो. आई बिचारी गप्प बसली. तिनं ते वाक्य पुरं केलं असतं ना, तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडं काहीच नसतं.

शेवटचा घाव घातला अफसरनं. अफसर माझा दोस्त, तोही टँकरच चालवतो. रविवारी सकाळी विहिरीवर टँकर भरायला रांगेत उभे होतो. तो म्हणाला, “तेरे भाभी के गाँवकू जा रऊँ. मंडप है, कुर्सियाँ हैं, खाना है. मेरेकू टँकर का ऑर्डर आया. शादी है क्या किसकी?”

त्या दुष्काळात प्यायला पाणी नव्हतं. अशात खेड्यात कुणी विकतचा टँकर मागवला, तर एक तर मयत किंवा लग्न. मयत असती तर आधी मंडप कोण सांगतं? मी टँकरच्या पायरीवर बसलो आणि वहिनीनं शिकवलेल्या पद्धतीनं सगळं मांडलं. विधान: वहिनीनं पांढरी साडी घेतली, बॅग भरली, टँकर मागवला, आणि भाऊजींना सांगू नका म्हणाली. निष्कर्ष एक: आज वहिनीचं लग्न आहे. निष्कर्ष दोन: मला कुणी काडीची किंमत देत नाही. उत्तर? दोन्ही बरोबर!

आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या उत्तराबद्दल एवढी खात्री वाटत होती.

माझा टँकर भरला. तो जायचा होता चिकलठाण्याला, पूर्वेकडं. मी वळवला गंगापूरकडं, पश्चिमेला. अफसर मागनं ओरडला, “अबे उधर किधर?” मी म्हणलं, “लग्न मोडायला!”

हसू नका. वहिनी गेली की घरात दादाचं काय उरणार होतं? तो कसा खोकायचा, चहात बिस्कीट बुडवून कसं विसरायचा, हे बोलायला मला घरात तिच्याशिवाय कोण होतं? आईला नुसतं दादा म्हणलं तरी ती आत निघून जाते. वहिनी गेली म्हणजे दादा दुसऱ्यांदा गेला. माझ्या डोक्यात हे असं चाललं होतं, आणि हातात होता पाण्यानं गच्च भरलेला टँकर.

वाळूजला दादाच्या कंपनीपुढनं रस्ता जातो. पाळी सुटली होती. हेल्मेट घातलेली पोरं गेटमधून मोटरसायकलीवर एकामागं एक बाहेर पडत होती. मी गाडी हळू केली. दर हेल्मेटच्या काचेत बघत होतो. का बघत होतो, विचारू नका. मागचे हॉर्न मारायला लागले तेव्हा पुढं निघालो.

आणि त्यानंतर माझा राग कुठं गेला कुणास ठाऊक. मला वाटलं, अरे, वहिनीचं वय काय! तिनं काय आपल्याला बिस्किटाच्या गोष्टी सांगत जन्म काढायचा? दादा असता तर म्हणाला असता, होऊ दे तिचं लग्न. (दादा असता तर लग्नाचा प्रश्नच नव्हता, हे मला गंगापूर रोडवर सुचलं नाही.) मी ठरवलं, लग्न मोडायचं नाही. उलट भाऊ म्हणून उभं राहायचं. असं मोठं मन दाखवायचं, की सगळं गाव रडलं पाहिजे.

मोडायला गेलो असतो तर कमी अब्रू गेली असती!

पोचलो. विहारापुढं मंडप. सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत. समोर दोन्ही प्रतिमा, मेणबत्त्या, ताटात हार. स्टेजवर वहिनी पांढऱ्या साडीत. आणि स्टेजच्या मागं बॅनरवर, विश्वास बसेल का, दादाचा मोठा फोटो! माझे डोळेच भरले. म्हणलं, काय माणसं आहेत! दुसऱ्या लग्नात पहिल्या नवऱ्याचा फोटो! अशी माणसं शोधून सापडणार नाहीत! फोटोखाली हातभर अक्षरात काय लिहिलं होतं, ते मी वाचलं का? डोळ्यांत पाणी असताना कोण वाचतं?

मग मी नवरदेवाकडं बघितलं. वहिनीशेजारच्या खुर्चीत पांढरा सफारी घालून बसलेला. टक्कल. जाड चष्मा. साठीच्या पुढचा!

माझं मोठं मन तिथंच निम्मं झालं.

पण आता मागं फिरायचं नव्हतं. मी ताडताड स्टेजवर चढलो. वहिनी म्हणाली, “अहो भाऊजी, तुम्ही कसे—” मी तिला हात करून थांबवलं, बोलणाऱ्या माणसाच्या हातातनं माइक घेतला आणि सुरू झालो.

“जय भीम! मी हिचा दीर. मला कुणी बोलावलं नाय, तरी मी आलोय. मी आडवा यायला आलो नाय. माझा भाऊ गेला, म्हणून हिनं जन्मभर रडत बसावं, असल्या विचाराचे आम्ही नाय. हिनं लग्न करावं, सुखात राहावं. चांगलं स्थळ असतं तर मी स्वतः उभा राहून लावून दिलं असतं. आता...” मी सफारीकडं वळलो. “साहेब, राग मानू नका, पण तुमचं वय काय?”

मंडपात एवढी शांतता, की मेणबत्ती ऐकू आली असती.

साहेब चष्मा पुसत उठले. “अं... एकसष्ट. का?”

“का म्हणून काय विचारता? निदान तब्येत तरी ठीक आहे ना? शुगर?”

“शुगर आहे थोडी,” ते प्रामाणिकपणे म्हणाले.

“असू द्या! सांभाळा हिला. आमच्या घरात हिला एक दिवस कुणी वरच्या आवाजात बोललं नाय. आणि लग्नाला आहेर म्हणून माझा टँकर! बाहेर उभा आहे, गावानं भरून घ्या!”

टँकर म्हणल्याबरोबर निम्मा मंडप बाहेर पळाला. घागरी, हंडे, ड्रम, जे सापडेल ते घेऊन. आणि उरलेल्या निम्म्या मंडपातून, पहिल्या रांगेतनं, एक धिप्पाड बाई उठल्या.

“अहो! हे काय ऐकते मी?”

साहेब पांढऱ्या सफारीत आणखी पांढरे झाले. “अगं, मला काय माहीत?”

“तरीच! सकाळपासनं आरशापुढनं हलत नव्हतात! मला म्हणले, उद्घाटन आहे, तू घरीच थांब!”

“अगं, ऊन लई आहे म्हणून थांब म्हणलो!”

“आणि नवा सफारी? तो पण उन्हासाठी व्हय?”

तुम्हाला सांगतो, तेवढ्या गोंधळातही मला वाटलं, ही बाई माझ्याच वर्गात शिकलेली दिसतेय.

तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला. वहिनीचे वडील, आण्णा. “पोरा,” ते हळूच म्हणाले, “तू घरनं काही घेऊन आलास का रे?”

“प्यालो नाय मी आण्णा!”

“मग हे फुकटचं आहे?”

वहिनी पुढं आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर पदर. रडतेय की हसतेय, कळेना. तिनं माझं तोंड धरून बॅनरकडं फिरवलं. “वाचा. मोठ्यांदा वाचा.”

माइक अजून माझ्याच हातात होता. मी अक्षर अक्षर लावत वाचलं, “काल... कथित... संतोष... यांच्या... स्मृतीनिमित्त... अभ्यासिका... उद्घाटन.”

कालकथित म्हणजे आमच्यात कैलासवासी. दादाच्या नावानं. लग्नाचं एक अक्षर नाही. सफारीवाले साहेब रिटायर हेडमास्तर, प्रमुख पाहुणे. आणि त्या जड बॅगेत वहिनीचा संसार नव्हता, दादाची पुस्तकं होती.

“पुस्तकं?” मी माइकवरच ओरडलो. “दादाची पुस्तकं तुम्ही दिलीत?”

“बघा. म्हणूनच नाय सांगितलं,” वहिनी म्हणाली. “आईनं त्यांचं हेल्मेट नुसतं खुंटीवरनं काढलं, तर तुम्ही ताट फेकलं होतं. पुस्तकाला हात लावू दिला असता का? ट्रंकेत ठेवून कोण वाचणार होतं ती? तुम्ही?”

निम्मी माणसं हसली. मी माइक आण्णांच्या हातात दिला आणि पुस्तकं बघायला निघालो. विहाराच्या बाजूच्या खोलीत फळीवर पुस्तकं लावली होती. एक काढून उघडलं. पानाच्या कडेला दादाच्या पेन्सिलच्या खुणा, मधेच चहाचा गोल डाग. मी पटकन मिटवून ठेवलं. मग परत उघडून ठेवलं. पुस्तक उघडंच बरं दिसत होतं.

उद्घाटन कसंबसं झालं. हेडमास्तर भाषण करत होते, पण एक डोळा बायकोवर होता. जेवण झाल्यावर बाहेर आलो, तर टँकर कोरडा ठणठणीत! त्यात बिल्डिंगीच्या सेक्रेटरीचा फोन.

“ड्रायव्हर, सकाळपासनं वाट बघतोय. पाणी कुठंय?”

“साहेब, लग्नात आहेर दिलं.”

“कुणाच्या लग्नात?”

“ते झालंच नाय.”

“मग आहेर परत आण!”

शेठनं माझ्याकडनं किल्ली काढून घेतली. दुसरा ड्रायव्हर मिळेना, तेव्हा शिव्या घालत परत दिली.

पण त्या दिवशी परत येताना वहिनी माझ्याबरोबर केबिनमध्ये बसून आली. गंगापूर रोडवर ऊन उतरलं होतं. मी न राहवून बोललो, “म्हणजे वहिनी, तुम्ही आता कुठं जाणार नाय. बरोबर?”

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “आज लग्न नव्हतं, एवढंच आज कळलं भाऊजी. त्याच्यापुढचं तुम्ही मनानं लावू नका.”

“म्हणजे करणार?”

“असं कुठं म्हणले मी?”

“मग नाय करणार?”

“असं पण म्हणले नाय.” मग माझ्याकडं वळून म्हणाली, “करायचं ठरलं तर आधी तुम्हाला सांगीन. पण तेव्हा टँकर आणू नका.”

आता तुम्हाला वाटेल, संपलं. कसलं संपतंय! मी माइकवर काय बोललो होतो, आठवा. चांगलं स्थळ असलं तर स्वतः उभा राहून लावून देईन! गावानं बाकी सगळं विसरलं आणि तेवढं धरलं. आण्णांना फोन यायला लागले, आणि आण्णांनी सगळ्यांना माझा नंबर देऊन टाकला. “तू बोललास, तूच बघ.”

तेव्हापासून मी टँकर चालवतो आणि स्थळं बघतो. पोरं येतात, चहा पितात, मी चौकशी करतो. वहिनी तिच्या पुस्तकातनं डोकं वर काढत नाही, पण कान इकडंच असतात. एकाचं गाव लई लांब होतं. एक चहा बशीत ओतून फुर्र आवाज करत प्यायला. एक आईला काकूऐवजी आंटी म्हणला. सगळे नापास!

परवा एक आला. बायको बाळंतपणात गेलेली. एसटीत कंडक्टर, शांत माणूस. निर्व्यसनी. म्हणाला, त्यांना परीक्षा द्यायचीय ना, देऊ द्या, मला काही घाई नाही. जाताना आईच्या पाया पडला. भिंतीवरच्या दादाच्या फोटोपुढं थांबला आणि काही न बोलता हात जोडले.

तो गेल्यावर मी वहिनीला म्हणलं, “हा नको.”

तिनं पुस्तक खाली ठेवलं. “याच्यात काय खोट काढली आता?”

म्हणलं, “काहीच सापडली नाय. म्हणूनच नको.”